हजर नसलेला बातमीदार

रविवारी डिचोली तालुक्यात एक-दोन ग्रामसभा, एखादं उद्घाटन, एक रक्तदान शिबिर आणि कुणाचा तरी सत्कार, एवढं ठरलेलं असतं. बातमीदार एकच असतो आणि त्याच्याकडे एक स्कूटर असते. संध्याकाळी सहापर्यंत सगळ्या बातम्या पणजीला पोचायला हव्यात. हे जमावं म्हणून आमच्या धंद्यात एक सोय आहे. तिला आम्ही ‘पत्रिकेवरची बातमी’ म्हणतो. आयोजक निमंत्रणपत्रिका आधीच आणून देतात. ठिकाण, वेळ, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, आभार कोण मानणार, सगळं तिच्यात असतं. ‘होईल’चं ‘झाले’ आणि ‘करतील’चं ‘केले’ केलं की बातमी तयार होते. कार्यक्रम पार पडला का, एवढं फोन करून विचारायचं, हा नियम. आता पत्रिका मोबाईलवर येते, एवढाच बदल.

मी सव्वीस वर्षं हे काम केलं. आधी पेडण्यात, नंतर डिचोलीत. त्यांतली निदान बारा वर्षं मी दारूच्या पूर्ण आहारी गेलेलो होतो. मी तसा नाही, असं माझं म्हणणं होतं. हा लेख त्या म्हणण्याविषयी आहे.

सुरुवातीची एक गोष्ट आजही लोक हसून सांगतात. मांद्र्याला एका वाचनालयाचा वर्धापनदिन होता. मी दुपारी चोपड्याला एका ओळखीच्या तावेर्नात बसलो आणि तिथेच राहिलो. तावेर्न म्हणजे आमच्याकडचं गावातलं दारूचं दुकान. बाकडं, बाटल्या आणि तळलेले बांगडे. संध्याकाळी पत्रिकेवरून बातमी केली. प्रमुख पाहुण्यांनी ‘वाचन संस्कृती टिकवण्याबाबत मौलिक मार्गदर्शन केले’ असं लिहिलं. पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली होती आणि ते मांद्र्याला पोचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

“भाषण बरं झालं हो माझं,” ते म्हणाले. “मी बोलतो तेव्हा इतकं मुद्देसूद होत नाही.”

त्यांनी तक्रार केली नाही. मीही ती गोष्ट मैफलीत सांगू लागलो. गंमत म्हणून सांगितलेली चूक पुन्हा करायला सोपी जाते.

दारुड्याची माझी व्याख्या होती. सकाळी पितो तो दारुडा. मी सकाळी पिऊ लागलो तेव्हा व्याख्या बदलली: एकटा पितो तो दारुडा. मग मी टेबलाच्या खालच्या खणात बाटली ठेवू लागलो आणि व्याख्या रस्त्यावर पडणाऱ्यापर्यंत गेली. मी रस्त्यावर कधी पडलो नाही. माझ्या बातम्या वेळेवर जात. पुरावा म्हणून घरात कात्रणांच्या फायली होत्या, वर्षाला एक, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ओळीने लावलेल्या. इतकं काम करणारा माणूस दारुडा असू शकत नाही, असं मी माझ्या बायकोला, शुभदाला, सांगत असे. ती प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली काही वर्षं तिने वाद घातला. नंतर ती फक्त जेवण झाकून ठेवायची.

गोव्यात या म्हणण्याला साथही मिळते. माझा गाव पार्से. तिथे डोंगरउतारावर काजू आहे, आणि मार्च ते मे बोंडांचा वास गावभर असतो. बोंडं तुडवून रस काढतात, तो आंबवून भट्टीवर चढवतात, आणि पहिल्यांदा जी उतरते ती हुर्राक. फेणीपेक्षा हलकी. आमच्याकडे हुर्राकीला कुणी दारू म्हणत नाही. ते हंगामातलं फळ आहे, असा सर्वसाधारण समज. माझीही हंगाम संपेपर्यंत ‘दारू सोडलेली’ असायची, कारण मी हुर्राक पीत असे.

ज्या रविवारविषयी लिहायचं आहे तो एप्रिलमधला. डिचोली तालुक्यातल्या एका गावात साडेदहाला ग्रामसभा होती. गावाचं नाव लिहीत नाही. विषय असा होता की खाणीच्या मालाचे ट्रक वस्तीतून जातात, म्हणून गावाच्या वरच्या अंगाने नवा रस्ता काढायचा आणि त्याला ग्रामसभेची मान्यता घ्यायची. हा रस्ता एका झरीच्या डोक्यावरून जाणार होता. झरीवर खालची कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, जगतात.

मी शनिवारी पार्शाला गेलो होतो. रविवारी आठला निघालो. वाटेत जिवा परबाची भट्टी लागते. जिवा माझा शाळासोबती.

“थांब मरे,” तो म्हणाला. “आत्ताच उतरली हा. ऊन वाढल्यार मजा ना.”

“सभा आहे साडेदहाला.”

“सभा खंय पळान जाता?”

मी लिंबू पिळून एक पेला घेतला. जाग आली तेव्हा मी काजूच्या झाडाखाली होतो आणि चार वाजले होते. ग्रामसभेची नोटीस मोबाईलवर होती. एका पंचाला फोन लावला.

“जाली मरे सभा. ठराव पास,” तो म्हणाला. “कोण कांयच उलोवंक ना.” कुणी काही बोललं नाही.

या पंचाचे स्वतःचे दोन ट्रक होते. मला ते माहीत होतं. मी झाडाखाली बसूनच मोबाईलवर बातमी टाइप केली: ‘पंचायत सभागृहात झालेल्या ग्रामसभेत हा ठराव एकमताने संमत करण्यात आला.’ बातमी सहाच्या आत गेली. वेळ पाळल्याचं समाधान मला वाटलं होतं, हे नोंदवायला हवं.

सोमवारी सकाळी डिचोली बाजारातल्या आमच्या कार्यालयात एक बाई आली. कार्यालय म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. बाई साठीच्या आसपासची, नऊवारी नेसलेली, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. तिचं नाव प्रेमावती.

“पत्रकार तूच मरे? हें वाच.”

“तुम्ही वाचलं नाही?”

“म्हाका वाचूंक येना. चलयेन वाचून दाखयलें. आता तुज्या तोंडातल्यान आयकूंक जाय.” मुलीने वाचून दाखवलं होतं, आता तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी वाचू लागलो. ‘एकमताने’पाशी तिने हात वर केला.

“एकमतान म्हणजे कितें?”

“सगळ्यांचं एकच मत होतं.”

“मागीर हांव कोण?”

मग मी कोण, असं ती विचारत होती.

“अर्दो तास उलयलें हांव. सरपंचान माईक काडून घेतलो, तरी उलयलें. झर आटली जाल्यार माडी-पोफळी कितें ट्रकाचेर लावपाची? तू खंय आशिल्लो?”

“होतो ना. मागे. खिडकीपाशी उभा होतो.”

“खंयची खिडकी?”

“सभागृहाची.”

तिने मला नीट पाहून घेतलं. “हॉलांत लाद्यो घालतात. सभा देवळाच्या मंडपांत जाली. मंडपाक खिडकी आसता रे, पुता?”

मग तिने पदर नाकाला लावला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते.

मी ‘बघतो’ म्हणालो. आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंना कळतो. ती गेल्यावर मी खालचा खण उघडला.

ती थांबली नाही. मुलीकडून अर्ज लिहून घेऊन ती पणजीला आमच्या मुख्य कार्यालयात गेली. अर्जात एक गोष्ट होती, जी मला माहीत नव्हती. रस्त्याचा प्रस्ताव वर पाठवताना पंचायतीने ग्रामस्थांची सहमती दाखवण्यासाठी माझ्या बातमीचं कात्रण जोडलं होतं.

आमचे वृत्तसंपादक दत्ताराम धोंड. आवाज कधी न चढवणारे. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, “उद्या ये. त्या रविवारची वही घेऊन ये.”

बातमीदाराची वही म्हणजे त्याचा साक्षीदार. त्या रविवारचं पान कोरं होतं. डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये मी ते भरलं. तारीख घातली, साडेदहाची वेळ घातली, ‘मंडप, गर्दी साधारण’ असं लिहिलं, सरपंचांचं एक वाक्य रचलं, आणि ‘एका महिलेचा किरकोळ आक्षेप’ असंही लिहिलं. अक्षर हलत होतं. बस हलते म्हणून, असं उत्तर तयार ठेवलं.

धोंडांनी वही आणि कात्रण टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलं. दोन मिनिटं वाचलं.

“वहीत मंडप आहे. बातमीत सभागृह आहे. वही आधी की बातमी आधी?”

सव्वीस वर्षांत माझ्या कुठल्याच मजकुराचं इतकं अचूक संपादन झालं नाही. मी म्हणालो, “सर, त्या दिवशी बरं नव्हतं.”

“पीत होतास?”

“मी पीत नाही. म्हणजे कामावर परिणाम होईल इतकी नाही.”

“ही माहिती कुणाची?”

“माझी.”

“दुसरं सूत्र?”

मला कुणाचंही नाव सांगता येईना. शुभदाचं नाही, जिवाचंही नाही.

“एकाच सूत्रावर आपण बातमी छापत नाही,” धोंड म्हणाले. “आणि ज्याचा हितसंबंध आहे अशा सूत्रावर तर नाहीच. दोन महिने रजेवर जा. परत येशील तेव्हा मी एक कागद घेईन. रुजू झाल्याचा की राजीनाम्याचा, ते तुझ्यावर.”

मी घरी आलो तो संतापून. एका चुकीसाठी इतक्या वर्षांवर पाणी! मी बचावाचं पत्र लिहायचं ठरवलं. त्यासाठी मागच्या वर्षाची फाईल काढली आणि निळी पेन्सिल घेतली. ज्या बातमीला मी स्वतः हजर होतो तिच्यावर खूण करायची, आणि खुणांची संख्या धोंडांपुढे ठेवायची. पद्धत निर्दोष होती.

जानेवारी बरा गेला. फेब्रुवारीत खुणा विरळ झाल्या. मार्चपासून मला पेन्सिल उचलावीशी वाटेना, कारण काही बातम्या मी लिहिल्या होत्या हेच आठवत नव्हतं. भाषा माझी होती, आत मी नव्हतो. डिसेंबरच्या पानावर शुभदाच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. बक्षिसांच्या यादीत कथाकथनाला पहिला क्रमांक मुक्ताला, आमच्या मुलीला. शेवटचं वाक्य होतं: ‘पालक मोठ्या संख्येने उपस्थित होते.’

शुभदा दारात उभी होती. मी ते पान तिच्यापुढे केलं.

“याला मी होतो का?”

तिने ते शेवटचं वाक्य वाचलं. मग म्हणाली, “तिने तुमच्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवली होती. मी पर्स ठेवली तिच्यावर. कोणी बसू नये म्हणून.”

दुसरं सूत्र मिळालं. मला त्या क्षणी रडू वगैरे आलं नाही. फाईल बंद करून मी तिला विचारलं, की कुठल्या डॉक्टरकडे जायचं. तिच्याकडे पत्ता लिहिलेला होता. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही.

दारू एका झटक्यात स्वतःच्या मनाने सोडणं जिवावर बेतू शकतं, हे मला डॉक्टरांकडून कळलं. म्हणून पहिले काही दिवस रुग्णालयात काढले. हात थरथरत, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसत. त्याहून अधिक लिहिण्यासारखं तिथे काही नाही. अवघड भाग बाहेर आल्यावर सुरू होतो, कारण शरीराची दारू सुटली तरी म्हणणं सुटत नाही.

म्हापशाला एका चॅपेलच्या मागच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी दारू सोडलेली माणसं जमतात. कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. तिथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. पुढचं मी त्यातल्या एकाच्या परवानगीने लिहितो आहे. आग्नेल हा निवृत्त तारवटी. जन्मभर जहाजावर स्वयंपाकी होता. पहिल्या दिवशी त्याचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं.

“बाब, तें बूक भायर दवर.”

मी वही बाहेर चपलांपाशी ठेवली. इतक्या वर्षांत मी प्रथमच एखाद्या बैठकीला वहीशिवाय बसलो. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, की तसा मी थोडीच घेत होतो, पण कामाचा ताण होता.

खोली हसली. आग्नेल म्हणाला, “आमी सगळे थोडीच घेताले मरे. दर्यांत तरी कितें आसता? थोडें थोडें उदक.”

हसण्यात टोमणा नव्हता. ते सगळे या वाक्यातून आधी गेलेले होते. त्या खोलीत कोण किती चांगला बोलतो याला किंमत नव्हती. तुम्ही आलात का, एवढंच पाहत. मी आठव्या का नवव्या बैठकीला ‘मी दारुडा आहे’ असं म्हणालो. बातमीच्या भाषेत सांगायचं तर त्या विधानाला तोवर अनेक सूत्रांनी दुजोरा दिलेला होता. फक्त संबंधित व्यक्तीची प्रतिक्रिया बाकी होती.

रजेच्या सातव्या आठवड्यात पार्शाला एका लग्नात मी प्यायलो. दोन पेले. कारण काही नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी म्हापशाला जाऊन सांगितलं. आग्नेलने दिवस पुन्हा एकपासून मोजायला लावले. जिवाकडेही गेलो आणि तुझ्या भट्टीवर आता येणार नाही असं सांगितलं.

“हुर्राक पण नाका?” तो खरोखर चकित झाला होता.

“हुर्राकही नको.”

“मगे तू आजारीच आसशील,” तो म्हणाला. निदान बरोबर होतं. आता तो हंगामात मला हुर्राकीऐवजी भाजलेल्या बिया पाठवतो.

दोन महिन्यांनी मी धोंडांकडे गेलो. लग्नातल्या दोन पेल्यांसकट सगळं सांगितलं. त्यांनी रुजू झाल्याचा कागद घेतला आणि म्हणाले, “चूकदुरुस्ती बाकी आहे.”

चूकदुरुस्ती आतल्या पानावर, तळाला, दोन ओळींची असते. मी ती न लिहिता आधी प्रेमावतीकडे गेलो. ती पोफळीच्या सालांची जुडी बांधत होती. मी सभेला नव्हतो, दारू पिऊन झोपलो होतो, आणि तुम्हाला खोटं सांगितलं, असं सांगितलं.

“तें म्हाका तेन्नाच कळ्ळें,” ती म्हणाली. “आता कितें?”

“तुम्ही तेव्हा जे बोललात ते पुन्हा सांगा. मी लिहून घेतो.”

“तुका एकट्याक सांगून कितें फायदो? मुखार सभा आसा. थंय यो. पयली येवन बस.”

सभा आली तेव्हा मी साडेनऊलाच मंडपात जाऊन बसलो. लाद्यांचं काम तोवरही संपलेलं नव्हतं. प्रेमावती उठली, माईक हातात घेतला, पण झरीविषयी बोलण्याआधी लोकांवरून नजर फिरवली.

“पत्रकार आसा?”

मंडपात हशा पिकला. मी उभा राहिलो. “आसा.”

मग ती बोलली. मी पाच पानं लिहिली. धोंडांनी ती बातमी पहिल्या पानावर घेतली, आणि तिच्यातच, माझ्या नावासह, आधीची बातमी हजर न राहता दिली होती हे छापलं. तळाच्या दोन ओळींत नाही.

रस्ता तरीही झाला. प्रस्ताव आधीच्या कात्रणासह पुढे गेला होता आणि नव्या बातमीचं कात्रण त्याला कुणी जोडलं नाही. झर आटली नाही, पण एप्रिल-मेमध्ये धार करंगळीएवढी होते. प्रेमावतीने वरच्या बाजूची पोफळ सोडून दिली. मी दारू सोडली म्हणून ती बाग परत येत नाही. हे वाक्य मी म्हापशाच्या खोलीत अनेकदा बोललो आहे. कुणी त्यावर समजूत घालत नाही, हे मला बरं वाटतं.

मुक्ताने पुढे मला खुर्चीविषयी कधी विचारलं नाही. तिच्या पदवीदान समारंभाला मी तासभर आधी पोचलो होतो. तिने लांबून पाहिलं आणि आपल्या मैत्रिणींकडे वळली. घाई नाही.

त्या गावची एकही ग्रामसभा मी नंतर चुकवली नाही. दर वेळी प्रेमावती उठली की आधी तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. लोकांना त्याची सवय झाली. सरपंच बदलले, तरी ते चालू राहिलं. यंदा मी निवृत्त झालो. गेल्या ग्रामसभेला आमच्या वर्तमानपत्राची नवी बातमीदार आली होती, पुढच्या रांगेत, वही घेऊन. मी मागे खांबाला टेकून बसलो होतो, रिकाम्या हाताने.

प्रेमावती उठली. आता तिला माईक जड होतो.

“पत्रकार आसा?”

नव्या मुलीने हात वर केला. प्रेमावतीने तिच्याकडे पाहून मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, “तो आसा?”

“आसा,” मी मागून म्हणालो.

पंचायतीचे सचिव इतिवृत्त लिहीत होते. ते वैतागले. “बाये, हा गावचा मतदार नाही आणि आता पत्रकारही नाही. याचं नाव मी कशात लिहू?”

“बरोवं नाका,” प्रेमावती म्हणाली. लिहू नका. “आयलो म्हणल्यार पुरो.”

आणि ती झरीवर बोलू लागली.